आधी तारीख, मग आरोप

नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला काळ्या दगडाचं नवल नसतं. काळाराम मंदिर त्याचंच, पांडवलेणी त्यातच कोरलेली, गोदाघाटाच्या पायऱ्या त्याच्याच आणि घराचा पाया भरताना ट्रॉलीतून येणारा डबरही तोच. त्यामुळे भूशास्त्राच्या पहिल्या तासाला मी बसाल्टचा तुकडा टेबलावर ठेवते तेव्हा पोरांचा चेहरा पडतो. मग मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, डायनासोर आपल्याच दगडामुळे मेले ना?" एखाद्या वर्षी तो उलट बाजूने येतो, "उल्का पडली होती ना? मग आपल्या दगडाचा काय संबंध?" दोन्ही वेळा माझं उत्तर एकच असतं. आधी तारीख बघू, मग आरोप ठेवू.

ही तारीख बघायची कशी, ते शिकण्यात आणि शिकवण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. काम दिसायला साधं आहे. घाटात जायचं, दगड फोडायचा, त्याची पूड करायची आणि त्या पुडीत दहा लाखांत पाच-पन्नास भाग एवढ्याच प्रमाणात असलेली मूलद्रव्यं मोजायची. पण त्या मोजमापातून जो प्रश्न सोडवायचा असतो तो नाशिकच्या डोंगरांत मावणारा नाही. त्याची अर्धी उत्तरं समुद्राच्या तळाशी आहेत.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरच्या तीन चतुर्थांश प्रजाती नाहीशा झाल्या. डायनासोरांचं नाव सगळ्यांच्या तोंडी असलं तरी त्या संहाराचा नीट ठेवलेला हिशेब समुद्रात सापडतो. जमिनीवर हाडं इकडेतिकडे विखुरतात, पावसाने वाहून जातात. खोल समुद्रात मात्र गाळ संथपणे, थरावर थर साचत राहतो आणि त्यात फोरामिनिफेरा नावाचे वाळूच्या कणाएवढे एकपेशीय जीव आपली चुनखडीची कवचं सोडून जातात. संहाराआधीचे आणि नंतरचे थर जिथे भेटतात त्या सीमेच्या खालच्या थरात ही कवचं मोठी, नक्षीदार, नाना प्रकारची असतात. वरच्या थरात उरतात ती बारकी आणि मोजक्याच जातींची. पाण्यात तरंगणाऱ्या फोरामिनिफेरांच्या दहांतल्या नऊहून जास्त प्रजाती तिथे संपल्या. कोट्यवधी वर्षं समुद्रात नांदलेले अमोनाइटही त्याच सुमारास गेले.

त्याच काळात आपल्याकडे लाव्हा वाहत होता. दख्खनचा बसाल्ट आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, मूळचा विस्तार याहून बराच मोठा होता. सगळा लाव्हा बाहेर यायला साधारण सात-आठ लाख वर्षं लागली. म्हणजे आरोपी घटनास्थळाच्या आसपास होता हे नक्की. अडचण अशी, की लाव्ह्यात जीवाश्म नसतात आणि समुद्राच्या गाळात लाव्हा नसतो. एकीकडे मेलेले जीव, दुसरीकडे थिजलेला दगड आणि मधे हजारो किलोमीटर. या दोघांना जोडणारा धागा रसायनशास्त्राचा आहे.

आमचं नमुने गोळा करण्याचं आवडतं ठिकाण म्हणजे इगतपुरी ते कसारा, थळ घाट. मुंबईला जाणारा प्रत्येक नाशिककर तिथून जातो, बहुतेक झोपेत. महामार्गाच्या कापलेल्या कडेला थांबलात, तर एका पट्ट्यात काळ्या दगडात बोटाच्या पेराएवढे, काही त्याहूनही लांब असे पांढरट स्फटिक आडवेतिडवे पसरलेले दिसतात. हे फेल्डस्पार. एवढे मोठे वाढायला त्यांना जमिनीखालच्या शिलारसात निवांत वेळ मिळालेला असतो. मग एक दिवस तो शिलारस वर आला, भोवतालचा भाग भराभर थिजून काळा, बारीक कणांचा झाला आणि स्फटिक जागच्या जागी अडकले. अशा दगडाचे ठळक थर सह्याद्रीच्या या भागात मोजकेच आहेत, म्हणून ते खुणेसारखे उपयोगी पडतात. नवख्या विद्यार्थ्याला आम्ही तिथूनच सुरुवात करायला लावतो, कारण हा एक थर डोळ्यांनी ओळखता येतो. बाकीचे डोळ्यांना सारखेच.

नमुना कुठला घ्यायचा यावरून खाणीवर नेहमी गंमत होते. नाशिकच्या खाणी जगभर प्रसिद्ध आहेत त्या तिथल्या पोकळ्यांमधल्या स्फटिकांसाठी. हिरवट ॲपोफिलाइट, मोत्यासारखी झाक असलेलं स्टिल्बाइट, सुयांच्या जुडग्यांसारखं स्कोलेसाइट. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात त्यांचे उत्तम नमुने मांडलेले आहेत. आम्ही खाणीवर गेलो की मुकादम आपुलकीने सांगतो, "ताई, चांगला माल त्या अंगाला आहे, तिकडं गारगोट्या निघतात." आणि आम्ही नेमके त्या अंगाला पाठ करून बसतो. लाव्हा थिजल्यावर त्याच्या भेगा-पोकळ्यांमधून गरम पाणी फिरलं, तेव्हा ही झिओलाइटं आणि त्यांच्या जोडीची खनिजं तयार झाली. त्या पाण्याने मूळ दगडातलं काही विरघळवून नेलं, काही नवं आणून भरलं. बेरियम, रुबिडियम, पोटॅशियम ही मंडळी पाण्याबरोबर सहज घर बदलतात. टायटॅनियम, झर्कोनियम, निओबियम जागचे हलत नाहीत. आम्हाला दगडाची जन्मवेळची घडण हवी असते, म्हणून भोकं नसलेला, घट्ट, फोडल्यावर खणखण वाजणारा, ताज्या फोडीला निळसर काळा दिसणारा दगड शोधायचा. पोतं भरून साधे काळे दगड घेऊन निघालो की मुकादमाला वाटतं, यांना कुणीतरी फसवलेलं दिसतंय.

थर वाचायची विद्या मात्र आमच्या आधी विहिरी खोदणाऱ्यांकडे आहे. सिन्नरकडच्या एका बुजुर्ग दादांनी मला अख्खी विहीर तोंडी सांगितली होती: वर मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा फत्तर आणि फत्तर संपला की मधेच तांबडा गेरू. "गेरू लागला की बांधून घ्यावं लागतं ताई, नाहीतर ढासळतो," ते म्हणाले. भोकांचा, झिओलाइटने भरलेला मांजऱ्या, त्याखाली त्याच प्रवाहाचा घट्ट काळा गाभा आणि दोन प्रवाहांच्या मधे तांबडी माती. पुस्तकात लाव्ह्याच्या प्रवाहाची हीच रचना आकृती काढून दिलेली असते. तांबडा थर म्हणजे एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंतच्या काळात ऊनपावसाने झिजलेला पृष्ठभाग आणि त्यावर येऊन पडलेली धूळ, कधी ज्वालामुखीची राख. दादांना नकोसा असलेला हा थर पुढे मोठ्या कामाचा निघाला. त्याबद्दल जरा पुढे.

घाटातला दगड प्रयोगशाळेत पोचला की कामाचा वेग एकदम मंदावतो. बाहेरची झिजलेली कड घासून काढायची, आतला भाग फोडायचा, धुवायचा, वाळवायचा आणि अकीकाच्या खलात पूड करायची. अकीकच का? तर टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळलं तर टंगस्टन आणि कोबाल्ट पुडीत उतरतात आणि मग आपण दगड मोजतोय की भांडं, हे कळत नाही. पूड विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते काच खातं, म्हणून सगळं टेफ्लॉनच्या भांड्यांत. हे आम्ल त्वचेला लागलं तर आत शिरून हाडापर्यंत इजा करतं आणि दुखायला कधी कधी उशिरा लागतं, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही, हा नियम. शेवटी पाण्यासारखं नितळ द्रावण मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातं. पण आपला नमुना लावण्याआधी हवाई बेटावरच्या बसाल्टची, जगभर प्रमाण मानलेली पूड तपासून घ्यायची. तिचे ठरलेले आकडे बरोबर आले तरच आपल्या आकड्यांना किंमत. हवाईची पूड चुकली की त्या दिवशी इगतपुरीकडे बघायचंही नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी? सिलिका, ॲल्युमिनियम, लोह हे मुख्य घटक दख्खनच्या बहुतेक बसाल्टमध्ये जवळजवळ सारखे. आमटी सगळ्यांकडे तुरीच्या डाळीचीच असते, पण गोड्या मसाल्यावरून घर ओळखता येतं, तसं इथे चिमूटभर मूलद्रव्यांवरून लाव्ह्याचं घराणं कळतं. १९८०च्या दशकात ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स, आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, पीटर हूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटांमधले नमुने तपासून हा सगळा ढीग रासायनिक ओळखीने लावून दिला. खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. मग खंडाळा, बुशे. त्यावर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगातल्या कुठल्याही परिषदेत दख्खनवर बोलणाऱ्याला ही आपली गावांची नावं उच्चारावीच लागतात. बुशेच्या लाव्ह्यात टायटॅनियम कमी आणि बेरियम जास्त, कारण वर येताना त्याने भूकवचातला जुना ग्रॅनाइटी खडक भरपूर वितळवून पोटात घेतला. आंबेनळीचा लाव्हा त्या मानाने स्वच्छ, थेट प्रावरणातून आलेला. हे थर दक्षिणेकडे किंचित, जेमतेम एखादा अंश किंवा त्याहूनही कमी कललेले आहेत. त्यामुळे नाशिकहून दक्षिणेला महाबळेश्वरपर्यंत गेलं तर माणूस जुन्या लाव्ह्यावरून नव्या लाव्ह्यावर चालत जातो.

या ओळखपरेडीचा सगळ्यात मोठा पल्ला मला राजमहेंद्रीला दिसला. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी समुद्राला मिळण्याआधी राजमहेंद्रीवरून जाते. तिथल्या खाणींमध्ये पुन्हा काळा बसाल्ट भेटतो, दख्खनच्या सलग पठारापासून शेकडो किलोमीटर तुटलेला. तो तिथलाच स्थानिक ज्वालामुखी असावा असं पूर्वी अनेकांना वाटायचं. रासायनिक मोजणी केल्यावर खालचा प्रवाह आंबेनळीशी आणि वरचा महाबळेश्वरशी जुळला. सह्याद्रीच्या बाजूने निघालेला लाव्हा जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत पोचला होता. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब ज्ञात लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होते.

खाणीत उभं राहिलं की एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगावी लागत नाही. खाली काळा दगड, वर काळा दगड आणि मधे फिकट पिवळसर चुनखडीचा पट्टा. त्या पट्ट्यात हात घातला की शिंपल्या लागतात. लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमध्ये समुद्र येऊन राहून गेला होता. नाशिककडच्या दगडांत अशी सोय नाही, म्हणून मी संधी मिळाली की पोरांना तिकडे नेते. प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी याच मधल्या थरातले फोरामिनिफेरा तपासले, तेव्हा ते संहारानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातले, वाचलेल्या बारक्या जातींचे निघाले. लाव्हा आणि समुद्रातली मृत्यूची नोंद एकाच खाणीच्या भिंतीवर, एकावर एक सापडण्याची ठिकाणं जगात फार नाहीत.

दूरच्या समुद्राने दख्खनची दखल घेतली का, हे बघायला तिथल्या गाळातले माग काढावे लागतात. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्व्हारेझ हे पितापुत्र, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी इटलीतल्या गुब्बिओच्या सीमेवरच्या मातीत इरिडियम नेहमीपेक्षा ३० पट, तर डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंटमध्ये १६० पट मोजलं. इरिडियम भूकवचात अत्यल्प आणि उल्कांमध्ये भरपूर, यावरून त्यांनी उल्कापाताचा सिद्धांत मांडला. पुढे मेक्सिकोत चिक्षुलुबचं विवर सापडलं. आपल्याकडे मेघालयात उम सोहरिंगक्यू नदीच्या काठी हीच सीमा सागरी थरांत मिळते आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या एन. भंडारी यांनी तिथेही इरिडियमची वाढ नोंदवली.

इरिडियम हा उल्केचा माग. ज्वालामुखीचे माग दोन. पहिला पाऱ्याचा. उद्रेकातून पारा वायुरूपात बाहेर पडतो, जगभर पसरतो आणि समुद्राच्या गाळात उतरतो. मेघालयापासून फ्रान्स, ट्युनिशियापर्यंत सीमेच्या आसपासच्या थरांत पाऱ्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. दुसरा माग ऑस्मियमच्या समस्थानिकांचा. जुन्या खंडांची झीज होऊन नद्यांतून येणारं ऑस्मियम वेगळ्या गुणोत्तराचं असतं आणि ताज्या बसाल्टमधून येणारं वेगळं. रॅविझा आणि पॉइकर-एरेनब्रिंक यांनी २००३ मध्ये दाखवलं, की खोल समुद्रातल्या गाळात हे गुणोत्तर संहाराच्या बरंच आधी घसरायला लागतं आणि नेमक्या सीमेवर उल्केमुळे पुन्हा एकदम कोसळतं. पहिली घसरण दख्खनची. नुकता थिजलेला बसाल्ट पावसाने झिजत होता आणि समुद्रात जात होता. म्हणजे दोन वेगळ्या घटनांचे दोन वेगळे माग एकाच गाळात, आणि त्यांचा क्रमही लागलेला.

आता तारीख. इथे तो तांबडा गेरू कामाला आला. बसाल्टमध्ये झिर्कॉनचे स्फटिक सहसा मिळत नाहीत. पण प्रवाहांच्या मधल्या तांबड्या थरांत पडलेल्या राखेत ते मिळतात आणि झिर्कॉनमधल्या युरेनियमचं शिशात रूपांतर किती झालं, यावरून वय फार नेमकं काढता येतं. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटाने २०१५ मध्ये याच पद्धतीने दाखवलं, की मुख्य उद्रेक संहाराच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाले. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोन यांच्या गटाच्या मते उल्का पडण्याच्या थोडंच आधी उद्रेकाचा एक मोठा झपाटा येऊन गेला होता. आर्गॉनने वय काढणाऱ्या कोर्टनी स्प्रेन आणि बर्कलीच्या गटाच्या मते बहुतेक लाव्हा उल्केनंतर आला. भांडण आहे ते ढिगातल्या वरच्या थरांवरून, पोलादपूर-आंबेनळीच्या आसपास सीमा नक्की कुठे ओढायची यावरून. खालच्या थरांबद्दल दोघांचं दुमत नाही. आणि आपल्या भोवतीचे बहुतेक डोंगर, १,६४६ मीटरचं कळसूबाई धरून, त्या खालच्या गटात येतात. त्या गटाचं नावच मुळी कळसूबाई उपगट.

म्हणून मागच्या बाकाला मी आता ठामपणे सांगू शकते: इगतपुरीचा लाव्हा थिजला तेव्हा अमोनाइट समुद्रात पोहत होते. नाशिकच्या दगडांच्या काळात समुद्र दोन ते चार अंशांनी तापला, हे फोरामिनिफेरांच्या कवचातल्या ऑक्सिजनवरून दिसतं. काही जीवांना ते जड गेलं. पण बहुतेक तगले आणि संहाराआधी पाणी पुन्हा थंडावलंही होतं. नेदरलँड्समधल्या एका गुहेतल्या आणि इतर ठिकाणच्या कवचांमधलं बोरॉन मोजून मायकेल हेनेहान आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की संहाराआधीच्या लाखभर वर्षांत समुद्राचं आम्लतेचं मान जवळपास स्थिर होतं. उल्का पडल्यावर सामू झटक्यात सुमारे ०.२५ ने उतरला. गेर्टा केलर यांना हा निकाल मान्य नाही, त्या दख्खनलाच मुख्य दोषी धरतात आणि त्यांचे पुरावे बाजूला सारण्याजोगे नाहीत. माझं मत विचाराल, तर दख्खनने समुद्राला आजारी पाडलं, मारलं उल्केने. आणि पुढचं आजारपण लांबवण्यात वरच्या थरांचा हात असू शकतो. नाशिकचा दगड मात्र खुनाच्या वेळी तिथे नव्हता.

यानंतर मी फळ्यावर एक गणित घालते, कारण नुसत्या निर्दोष सुटकेवर तास संपवणं बरोबर नाही. स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार १ घन किलोमीटर लाव्ह्यातून सुमारे १ कोटी ४० लाख टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. दख्खनचा एक मोठा, १,००० घन किलोमीटरचा प्रवाह धरला तर १,४०० कोटी टन. आज कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतो. म्हणजे दख्खनचा एक अवाढव्य प्रवाह बरोबर आपले सुमारे साडेचार महिने. पोरं दोनदा गुणाकार तपासतात. मग अख्खं दख्खन धरू, १० लाख घन किलोमीटर. जमिनीखाली अडकलेल्या शिलारसातूनही वायू निसटला असणार, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असेल. पण लाव्ह्यापुरता हिशेब केला, तर ज्या कार्बनला बाहेर पडायला दख्खनच्या बाबतीत सात-आठ लाख वर्षं लागली, तेवढा आजच्या वेगाने आपण चारशे वर्षांच्या आत सोडू.